खारूच्या भेटीचा मंगळवार

१२ जानेवारी, सोमवार

नवी वही. ताईने आणून दिली आणि वर म्हणाली, "यात तरी माझ्याबद्दल चार शब्द चांगले लिही." लिहीन की. आधी वागायला सुरुवात तर कर म्हणावं.

प्रयोगशाळेच्या वहीत मी सव्वीस वर्षं रोज लिहिते आहे. कोणत्या पेशींना किती मीडियम, म्हणजे त्यांचं पोषक द्रव, घातलं, किती वाढल्या, किती मेल्या, तारीख, सही. तिथे फालतू शब्द चालत नाही. त्यामुळे दिवसभराचं जे पोटात साठतं ते इथे ओतायचं. रोज लिहिणार नाही, लिहिण्यासारखं असेल तेव्हाच.

आज धांदलला झापलं. धांदल म्हणजे आमची नवी संशोधक मुलगी. हुशार आहे, पण जिथे जाईल तिथे काहीतरी सांडते, म्हणून मी ठेवलेलं नाव. आमचे प्रमुख, सर, सोडून सगळे आता तिला तेच म्हणतात. तर ही बाई हूडमध्ये दोन फ्लास्क शेजारी शेजारी मांडून बसली होती. हूड म्हणजे काचेचं कपाट, आत स्वच्छ वारा खेळतो, त्यात हात घालून पेशींना जेवायला घालायचं. त्या काचेवर माझ्या हस्ताक्षरातला कागद चिकटवलेला आहे: "एका वेळी एक. प्रत्येकीची बाटली वेगळी." पेशींचे दोन प्रकार एकत्र आले, एक थेंब जरी इकडचा तिकडे गेला, तरी जी जोमाने वाढते ती दुसरीला खाऊन टाकते, आणि बाहेरून काही कळत नाही. हे मी तिला सांगितलं, जरा मोठ्यानेच. सगळी प्रयोगशाळा ऐकत होती. तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण ज्याचं त्याला बोललंच पाहिजे.

कारण तिच्या हाताशी सतरा नंबर होती.

सतरा नंबर म्हणजे खारू. सहा वर्षांची पोर, गाल फुगरे म्हणून घरचं नाव खारू. डोक्यात अशी गाठ झाली की त्यावर औषध नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आईवडिलांनी आम्हाला दिला. पोर चार महिन्यांनी गेली. तुकड्यातल्या पेशी मात्र माझ्याकडे जगल्या. असल्या गाठीच्या पेशी शरीराबाहेर जगवणं फार थोड्यांना जमलंय. नंतर आईवडिलांनी संस्था काढली. लोक तिच्यासाठी धावतात, पोहतात, केस कापून देतात, आणि त्या देणग्यांवर आमचं काम चालतं. माझा पगारही त्यातूनच येतो.

सतरा वाढते मात्र गोगलगायीच्या गतीने. एवढ्याशा पेशींवर औषधं तपासायची तरी कशी? सर वाट बघून थकलेत. मी नाही थकले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

महिन्याचा पहिला मंगळवार, म्हणजे खारूच्या आईचा दिवस. संस्थेच्या अध्यक्ष म्हणून काम बघायला येतात असं कागदावर आहे. येतात लेकीला भेटायला, हे सगळ्यांना माहीत आहे.

आज अर्धा तास आधीच आल्या. मी म्हातारीच्या जेवणात गुंतले होते. म्हातारी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी जात. कितीतरी दशकांपूर्वी कोणा दुसऱ्याच कर्करोगाच्या रुग्णाकडून आलेल्या पेशी. जगभर सगळ्यांकडे असतात, तुलनेसाठी लागतात. तणासारख्या वाढतात, काही करावं लागत नाही.

खारूच्या आईचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे डोळे तपासतात, त्यामुळे मायक्रोस्कोपवर त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला बसतो. एकदा खालचं बटण फिरवतात आणि लगेच चित्र स्पष्ट. मग हळूच म्हणतात, "काय गं, जेवलीस का?" दरवेळी हेच. मी तेवढा वेळ दुसरीकडे बघते.

आज म्हणाल्या, "काकू, आज माझ्यासमोर भरवा ना तिला. कधी बघितलंच नाही." नाही कसं म्हणणार? म्हातारीला तशीच मागे सरकवली आणि सतराला पुढे घेतलं. गुलाबी मीडियमची बाटली उघडीच होती, हाताशी होती. खारूची आई काचेला नाक टेकवून बघत होती, आणि माझा हात अजिबात हलला नाही. सव्वीस वर्षांचा हात आहे. त्या म्हणाल्या, "किती मायेने करता हो." मला उगाच भरून आलं. फार दिवसांनी कोणी असं बोललं.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "कौतुकाला हपापलेली आहेस." हिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सतरा वाढली! मी तीनदा मोजलं. दोन आठवड्यांत जेवढी वाढायची तेवढी चार दिवसांत वाढली आहे. फ्लास्कचा तळ भरला. सरांना बोलावलं, ते खुर्ची सोडून पळत आले. "काय केलंत?" म्हणाले. काही नाही केलं, चिकाटी धरली, एवढंच. मीडियममध्ये जरा बदल केला होता डिसेंबरमध्ये, त्याचा गुण असेल. किंवा हाताचा.

ताई म्हणाली, "लेकीने अंग धरलं म्हण की!" मी म्हटलं, माझी कसली लेक, जीभ आवर. चहा न पिताच उठले.

३ मार्च, मंगळवार

खारूच्या आईने मायक्रोस्कोपमध्ये किती तरी वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी एक घास जात नव्हता तिच्या पोटात. चमचा घेऊन बसायचे मी तासन् तास. आता बघा कशी खातेय." आणि हसल्या, आणि रडल्या. मीही रडले. धांदल मुकाट्याने पुसायचे कागद घेऊन आली. या मुलीला वेळ कळते, हे मान्य केलं पाहिजे.

नंतर मात्र धांदलने एक विचित्र प्रश्न विचारला. "मॅडम, याच पेशींनी तर तिला मारलं. मग आई त्यांच्याशी एवढं गोड कसं बोलतात?" मी तिला उडवून लावलं. पण हेच मी एकदा त्यांना विचारलं होतं, पहिल्या वर्षी, तोंडातून निसटून गेलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तिच्या अंगातलं जिवंत असं माझ्यापाशी दुसरं काय उरलंय?"

१९ जून, शुक्रवार

आज प्रयोगशाळेत लहान मुलांसारखा गोंधळ. बारा औषधं सतरावर टाकली होती. अकरांनी काही केलं नाही. बाराव्याने पेशी अशा मेल्या की तळ रिकामा. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "हे मुलांपर्यंत न्यायचं!" समोरच्या इस्पितळातले मुलांचे डॉक्टर आले. त्यांच्याकडे अशाच गाठीची दोन मुलं आहेत. त्यांनी फक्त विचारलं, "किती महिने लागतील?" सर म्हणाले, परवानग्या वगैरे धरून सहा तरी. डॉक्टर खिडकीपाशी उभे राहिले. सहा महिने त्यांच्या हिशेबात किती मोठे आहेत ते त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

धांदल मध्येच म्हणाली, "मॅडम, सतरा आधी लांबट दिसायच्या ना? आता गोल गोल का दिसतात?" आनंदाच्या दिवशी हिला खुसपट काढायचंच असतं. मी म्हटलं, "खाऊनपिऊन सुखी झाल्या की माणसंही गोल होतात, माझ्याकडे बघ." सगळे हसले. ती नाही हसली.

७ जुलै, मंगळवार

खारूच्या आईला सरांनी औषधाचं सांगितलं. त्यांनी मायक्रोस्कोपवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "शहाणी गं माझी बाय. सगळ्यांसाठी शोधून दिलंस." मला जवळ घेतलं. मला कोणी असं जवळ घेत नाही, कुठे हात ठेवायचे तेच कळेना.

ताईला सांगितलं नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार

काय लिहू.

मुलांवर औषध वापरायच्या परवानगीसाठी पेशींची ओळख पटवणारी चाचणी लागते. बोटांचे ठसे जुळवावेत तसं. खारूच्या रक्ताचा जुना नमुना एका बाजूला, सतराच्या पेशी दुसऱ्या बाजूला. आज कागद आला. जुळत नाही. म्हातारीशी जुळतं, शंभर टक्के.

सरांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि दार लावून घेतलं. मी दोनदा म्हटलं, "नमुन्यांची अदलाबदल झाली असेल." दोनदा पुन्हा केलं म्हणाले, म्हणूनच दोन आठवडे लागले. सहा महिने आम्ही म्हातारीला खारू म्हणत होतो. औषधाने मारलं ते म्हातारीला. खारूच्या गाठीवर ते चालतं की नाही, कोणालाच माहीत नाही.

सर एवढंच म्हणाले, "अजून मुलांना दिलं नव्हतं, हे नशीब." आणि डोळे मिटून बसले.

१४ सप्टेंबर, सोमवार

चार दिवस नायट्रोजनच्या टाकीत डोकं घालून बसले आहे. गोठवून ठेवलेली प्रत्येक कुपी तपासायला पाठवली. मार्चनंतर गोठवलेल्या सगळ्या म्हातारी. त्याआधीच्या कुप्या वर्षभरात वापरून संपल्या, एवढ्या हळू वाढायच्या की साठवायला उरायच्याच नाहीत. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यातली एक कुपी शिल्लक आहे. एकच. त्यात पेशीही थोड्याच.

मला ठाऊक आहे हे कोणी केलं. दोन फ्लास्क शेजारी मांडून कोण बसायचं? सरांसमोर सरळ सांगितलं. धांदल उभीच होती. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. "असू शकेल मॅडम," एवढंच म्हणाली, "मला आठवत नाही, पण असू शकेल." सरांनी तिला काही दिवस घरी बसायला सांगितलं. ती गेली, तिची पाण्याची बाटली टेबलावरच राहिली.

सरांनी परवानगीचा अर्ज मागे घेतला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्या दोन्ही मुलांच्या घरी औषधाबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. आता जाऊन नाही म्हणून सांगावं लागेल.

मला राग आवरत नाही. ताई म्हणाली, "एवढी कोणावर चिडतेस?" त्या पोरीवर, आणखी कोणावर!

२० सप्टेंबर, रविवार

सरांना उद्या अहवाल द्यायचा आहे, कधी आणि कशी गफलत झाली असावी. प्रयोगशाळेच्या वहीत काहीच सापडत नाही, सगळं नीटनेटकं. मला धांदलच्या चुकांच्या तारखा हव्या होत्या. त्या इथे लिहिल्या असतील म्हणून दुपारी जेवण झाल्यावर ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. बारा जानेवारीची सापडली. पण त्या दिवशी मी तिला वेळीच अडवलं होतं आणि दोन्ही फ्लास्क तेव्हाच फेकून नवे काढले होते, हे प्रयोगशाळेच्या वहीत आहे. आणि पान उलटलं.

तीन फेब्रुवारी. माझ्याच अक्षरात.

मी ते पाच वेळा वाचलं. "बाटली उघडीच होती, हाताशी होती." म्हातारीची बाटली. जी पिपेट, मीडियम ओढायची नळी, म्हातारीच्या फ्लास्कमध्ये जाऊन आली होती ती त्याच बाटलीत बुडाली होती, आणि त्याच बाटलीतलं मी खारूला पाजलं. आईच्या देखत. प्रयोगशाळेच्या वहीत त्या दिवशी नुसतं "नेहमीप्रमाणे" लिहिलं आहे. तिथे खोटं लिहिलं नव्हतं मी. मला नेहमीप्रमाणेच वाटलं होतं.

वही मिटली. पान फाडावं असं वाटलं. खरं लिहिते, बोटं पानाच्या कडेला लागलीही होती. कोणाला कळणार होतं? धांदल तर स्वतःच "असू शकेल" म्हणून बसली आहे. तरुण आहे, दुसरीकडे लागेल. असं सगळं माझ्या मनात व्यवस्थित मांडून झालं. तेवढ्यात ताई आत आली, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता शेजारी बसली. मी वही तिच्या हातात दिली. तिने वाचलं. तिच्याबद्दल जे लिहिलंय तेही वाचलं असणार. म्हणाली, "खारूच्या आईने तुला जवळ केलं, तुझं भान हरपलं. चूक झाली गं." मग म्हणाली, "पण त्या पोरीला उद्याच बोलव."

मी खूप रडले. पन्नाशी उलटली तरी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

२१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सरांपुढे ते पान उघडून ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे तुम्ही दाखवलं नसतं तर चाललं असतं," म्हणाले. मी राजीनामा पुढे केला. त्यांनी तो खणात टाकला, घेतला की नाही ते सांगितलं नाही. म्हणाले, "खारूच्या आईंना मी सांगतो. तांत्रिक भाषेत सांगू, संस्थेच्या समितीच्या बैठकीत." मी म्हटलं, "नाही सर. त्या मला काकू म्हणतात. मीच सांगणार."

धांदलच्या घरी गेले. तिने दार उघडलं, हातात ओला कपडा, घर पुसत होती. मी म्हटलं, "मी केलं होतं. तू नाही." तिने कपडा खाली ठेवला. आता ओरडेल, मला हवं होतं ओरडायला. ती म्हणाली, "मॅडम, मी आठवडाभर झोपले नाही." बस. मला माफ कर म्हटलं. तिने मान हलवली, पण होय की नाही ते कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

जूनमध्ये तिने सांगितलं होतं, पेशी गोल दिसतात म्हणून. तेवढं जरी ऐकलं असतं तरी तीन महिने वाचले असते. ती दोन घरं खोट्या आशेतून वाचली असती.

२४ सप्टेंबर, गुरुवार

चष्म्याच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भिंतभर चष्मे, सगळे बिनचेहऱ्याचे माझ्याकडे बघत होते. काउंटरवर संस्थेची पेटी, तिच्यावर फुगऱ्या गालांचा फोटो. खारूच्या आईला वाटलं मी डोळे तपासायला आले. मागच्या लहान खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं, समोर अक्षरांची पाटी. "काकू, शेवटची ओळ वाचा," म्हणाल्या, हसत.

मी तिथेच सांगितलं. तांत्रिक एक शब्द वापरला नाही. तुम्ही त्या दिवशी समोर होतात, मला मिरवायचं होतं, मी दुसरीची बाटली वापरली, त्यात खारू गेली, मार्चपासून तुम्ही बघत होतात ती खारू नव्हती. औषधाचंही सांगितलं. एक कुपी उरली आहे तेही सांगितलं. ती वितळवून बघता येईल, पण पेशी इतक्या कमी आणि जुन्या आहेत की जगतीलच असं नाही. नाही जगल्या तर मग काहीच उरणार नाही. ठरवायचं तुम्ही.

त्यांनी पाटीवरचा दिवा बंद केला. अंधार झाला, फक्त दारातून उजेड. त्या म्हणाल्या, "मग मी मार्चपासून कोणाशी बोलत होते?"

मी म्हटलं, "म्हातारीशी." दुसरं काय म्हणणार होते. माझ्या तोंडून नेमकं तेच नाव निघालं.

"आणि मी म्हटलं होतं की, भरवा माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. मी घाईने म्हटलं, "नाही नाही, तुमचा काही दोष नाही, असं मनातसुद्धा आणू नका." त्या माझं ऐकत नव्हत्या. गिऱ्हाईक आलं, दारावरची घंटा वाजली. त्या उठल्या, साडी सारखी केली, बाहेर जाऊन कोणाला तरी नेहमीच्या आवाजात "या, बसा" म्हणाल्या. मी मागच्या दाराने निघाले.

मी चूक कबूल करायला गेले होते आणि त्यांच्या गळ्यात नवीनच काहीतरी टाकून आले.

६ ऑक्टोबर, मंगळवार

पहिला मंगळवार. त्या आल्या नाहीत. खुर्ची पुसून ठेवली होती मी.

संध्याकाळी फोन आला. "काकू, ती कुपी उघडा." मी म्हटलं, घाई नको, विचार करा. त्या म्हणाल्या, "बर्फात ठेवून काय करू तिला? सहा वर्षांची असताना शेवटी यंत्रांवर ठेवलं होतं, तेव्हाही सगळे हेच म्हणत होते, थांबा, थांबा." मग म्हणाल्या, "हात कोणाचा असेल?"

मी म्हटलं, माझा नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार

धांदलने कुपी वितळवली. मी हूडपासून चार पावलं लांब उभी राहून एकेक पायरी मोठ्याने वाचली, तिने केलं. एकदाही काही सांडलं नाही. माझ्या मुठी वळलेल्या होत्या ते नंतर कळलं, तळहातात नखांचे वण.

नवा फ्लास्क, नवी बाटली. धांदलने चिठ्ठीवर "१७" लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मग त्याखाली बारीक अक्षरात "खारू" लिहिलं. नियमात बसत नाही. मी राहू दिलं.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

बहुतेक तरंगतायत. जिवंत पेशी तळाला चिकटते. मला चार चिकटलेल्या दिसल्या. धांदलला तीन.

ताईने विचारलं, "तुझी लेक कशी आहे?" मी म्हटलं, "बरी नाही."

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं संपलं. सकाळी बघितलं तर तळाशी एकही नाही. सर आले, बघून गेले. आणखी तीन दिवस ठेवू म्हणाले, पण ते मला बरं वाटावं म्हणून. प्रयोगशाळेच्या वहीत धांदलने नोंद केली, मी सही केली. माझं अक्षर वाकडं आलं.

फोनवर खारूच्या आईला सांगितलं. "बरं," म्हणाल्या. मागे दुकानात कोणीतरी चष्म्याची किंमत विचारत होतं. "बरं केलंत सांगितलंत," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सव्वीस वर्षांत कितीतरी पेशी माझ्या हातून मेल्या. फेकून दिल्या, हात धुतले, घरी आले. आज फ्लास्क फेकवेना. शेवटी धांदलने माझ्या हातातून घेतला.

३ नोव्हेंबर, मंगळवार

त्या आल्या नाहीत. येतील असं वाटलंही नव्हतं. तरी साडेदहापर्यंत दाराकडे लक्ष होतं.

संस्थेचं पत्र मात्र आलं. त्या औषधाचं काम थांबवा, प्रयोगशाळा चालू ठेवा, आणि इथून पुढे दर तीन महिन्यांनी प्रत्येक जातीच्या पेशींची ओळख तपासा, तो खर्च संस्था देईल. खाली सही त्यांची. सरांनी माझा राजीनामा खणातून काढून मला परत दिला. मी हूडमध्ये हात घालणार नाही असं सांगितलं, ते त्यांनी मानलं. आता चिठ्ठ्या, नोंदी, तपासण्या माझ्याकडे.

इस्पितळातल्या दोन मुलांपैकी एक गेलं. डॉक्टर म्हणाले, औषध असतं तरी काही झालं नसतं. म्हणाले खरं. माझ्याकडे न बघता म्हणाले.

१ डिसेंबर, मंगळवार

आज त्या आल्या. साडेदहालाच, वेळेवर. मी कपाटातल्या चिठ्ठ्या लावत होते, उठताना दोन खाली पडल्या. त्यांनीच उचलून दिल्या. अंगाने वाळल्या आहेत. म्हणाल्या, "काकू, ती आहे का अजून? जिच्याशी मी बोलत होते?"

मी म्हटलं, "म्हातारी? आहे. ती कुठे जाते."

"तिचं काही माहीत आहे का?"

जुन्या पेशींचे कागद खालच्या खणात असतात. सव्वीस वर्षांत मी म्हातारीचा कागद एकदाही पूर्ण वाचला नव्हता. कोणी वाचत नाही, फक्त वरचा क्रमांक बघतात. आज काढला, पिवळा पडलेला, टाइप केलेला. नाव नाही. गाव नाही. रोगाचं नाव, नमुना घेतल्याची तारीख, माझ्या जन्माच्याही आधीची. आणि खाली: मुलगी. वय चार वर्षं.

खारूच्या आईने माझ्या खांद्यावरून वाचलं. "चार वर्षांच्या पोरीला म्हातारी म्हणता?" म्हणाल्या. रागावून नाही. मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं.

मग त्या खुर्चीवर बसल्या. धांदलने फ्लास्क आणून मायक्रोस्कोपवर ठेवला. त्यांनी लगेच डोळा लावला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "तिला कोणी येत होतं का भेटायला?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

त्यांनी खालचं बटण एकदा फिरवलं. खूप वेळ बघत राहिल्या. माझ्या खारूला हिनेच खाल्लं असं त्यांच्या मनात आलं असेल का, मला माहीत नाही. माझ्या मनात आलं होतं, कितीदा तरी. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "काय गं, जेवलीस का?"

या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही. धांदलला खूण केली. तिने हातमोजे बदलले, हूड पुसून घेतला, त्या चार वर्षांच्या पोरीची बाटली काढली आणि तिला जेवायला घातलं. हूडमध्ये दुसरं काहीही नव्हतं.